पलीकडचा विषय

१

पूल चोरीला गेला होता.

खरा पूल नव्हे. खरा पूल नदीवर आपल्या जागी होता आणि रोजच्यासारखा सकाळच्या गाड्यांनी तुंबला होता. गेला होता तो नगरभवनाच्या मोठ्या दालनातला, टेबलावर उभारलेल्या चिमुकल्या शहरातला पूल. सूनबाईंनी मोठ्या हौसेने वरचं कापड ओढलं, तर खाली सगळं शहर जागच्या जागी. चौक, बाजार, कारखाने, नगरभवनसुद्धा. टेबलाच्या कडेला नदीही होती, निळीशार. फक्त तिच्यावर काही नव्हतं.

शहराच्या नियंत्रण कक्षाच्या प्रमुख म्हणून सूनबाईंनी आगी हाताळल्या होत्या, पूर हाताळले होते, पण असा कपाळाला हात लावायची वेळ कधी आली नव्हती. केंद्राची समिती आज सकाळीच यायची होती. अशा वेळी पहिला फोन आयुक्तांना लावायचा असतो. सूनबाईंनी तो सासूला लावला.

"आई, असाल तशा निघून या. नाही, असाल तशा नको. ते पोलिसातले बूट घाला आणि या."

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. आयुक्तसाहेब आले की मी."

सासूबाई म्हणजे निवृत्त फौजदार. गावभर त्यांना फौजदारबाईच म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी पकडलेला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे कुंड्या उकरणारं शेजारचं मांजर, आणि तेही पुराव्याअभावी सुटलं होतं. त्यामुळे सुनेचा आवाज रडवेला आहे हे कळत असूनही बूट चढवताना त्यांना मनातून आनंदच झाला, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. पण पावलं काही हळू पडली नाहीत.

प्रकरण साधं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी सकाळच्या गर्दीत त्या खऱ्या पुलावर एक बस पेटली होती. शहराकडचे बंब गाड्यांच्या रांगेत अडकले आणि नदीपलीकडच्या गावात बंबच नव्हता. सूनबाई फोन कानाला लावून पुलावरच्या माणसांच्या किंकाळ्या ऐकत बसल्या होत्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. सगळे वाचले, पण निव्वळ नशिबाने. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: दोन्ही तीरांना मिळून एक नियंत्रण कक्ष, पुलावर कॅमेरे, पलीकडे एक अग्निशमन केंद्र.

त्यासाठी केंद्राचा सुरक्षा निधी वाढवून हवा होता आणि केंद्राचं गणित ठरलेलं. शहरात रात्री जेवढी माणसं झोपतात, तेवढं ते शहर मोठं. दिवसा हेच शहर दुप्पट होतं, हे त्या गणितात बसतच नव्हतं. समितीला ते डोळ्यांनी दिसावं म्हणून तर हे टेबलावरचं शहर. कळ दाबली की पुलावरचे बारीक दिवे एकामागून एक पेटत शहरात शिरणार होते. आणि आता पूलच नव्हता.

सुरक्षेसाठी पैसे मागणाऱ्या शहराच्या नगरभवनातून कुलूपबंद पूल पळवला जातो, हे समितीला कळलं असतं, तर हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली असती.

२

फौजदारबाई दालनात पोचल्या तेव्हा आयुक्तांचा तपास संपतही आला होता.

"चोर सापडला," ते म्हणाले. "रात्रीचा पहारेकरी. किल्ली त्याच्याकडे, आत तोच एकटा. समिती यायच्या आत त्याला निलंबित करतो. म्हणजे आपण किती तत्पर आहोत तेही दिसेल."

पहारेकऱ्याला सगळे सुभेदार म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता, पण मिशी मात्र होती. आज तीही खाली आली होती.

"बाईसाहेब, मुलांची शपथ," तो म्हणाला. "कामावर आलो आणि दार लावलं. त्यानंतर आत माशी शिरली नाही. हवं तर मला तपासा."

"दीड हात लांबीचा पूल तू खिशात घालून नेशील असं मला नाही वाटत," फौजदारबाई म्हणाल्या. "कामावर आल्यावर पहिलं काय केलंस ते सांग."

"दिवे साहेबांच्या हुकमाने आधीच बंद होते, वीज वाचवायला. शिपायाने कापड टाकून ठेवलेलं होतं. मी बॅटरी मारली, तर नदीकडच्या बाजूला कापड झोळीसारखं लोंबत होतं. दिसायला बरं नाही, म्हणून मी ते ताणलं आणि कडेला चिमटे लावले."

"हे आल्या आल्या?"

"आल्या आल्याच. मग दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. डोळ्यांत तेल घालून."

फौजदारबाई टेबलाच्या कडेशी गेल्या आणि नाकावर चष्मा ओढून नदीकडे वाकल्या. पूल बसवायच्या जागी चार भोकं होती. एकही चिरलेलं नव्हतं, स्क्रू सावकाश फिरवून काढले होते. बाजूने बारीक वायरी वर आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिकटपट्टीचा इवलासा तुकडा गुंडाळलेला होता. त्यांनी बोटाने तो हलकेच दाबून पाहिला.

"किती गुणाचा चोर आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दालनाच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीशी, एक बाई खुर्चीत बसल्या होत्या. नदीपलीकडच्या गावाच्या त्या नगराध्यक्षा, पण इथे त्यांना सगळे 'पलीकडच्या बाई' एवढंच म्हणत. त्यांनी हात वर केला.

"साहेब, मला या पुलाबद्दल जरा सांगायचं—"

"बाई," आयुक्त मागे न बघताच म्हणाले, "पलीकडचा विषय नंतर घेऊ."

बाईंनी हात खाली घेतला. फौजदारबाईंची नजर त्यांच्या बाहीवर गेली. कोपराशी कसला तरी हिरवा भुसा चिकटला होता.

३

"सुभेदाराला सोडा," सूनबाई सासूच्या कानाशी लागल्या. "माझा संशय बंबसाहेबांवर आहे."

बंबसाहेब म्हणजे अग्निशमन दलाचे प्रमुख. गडी आडदांड, आवाज त्याहून मोठा. परवाच्या बैठकीत याच पुलावरून त्यांनी रान उठवलं होतं. टेबलावरचा पूल खऱ्यापेक्षा रुंद झालाय, समितीला वाटेल सगळं आलबेल आहे, खऱ्या पुलावर माझे दोन बंब शेजारी शेजारी उभे राहत नाहीत, असं ते म्हणत होते. वर 'हा पूल मी नदीत फेकून देईन' असंही म्हणाले होते, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

"आणि काल दुपारी," सूनबाई म्हणाल्या, "लोक शहर बघायला आले होते तेव्हा, हे मागच्या दाराने निघाले. काखेत लांबलचक गुंडाळी होती. मी स्वतः पाहिली."

फौजदारबाईंनी बंबसाहेबांना जिन्याशी गाठलं.

"काल दुपारी कुठे होतात?"

"कवायतीला," बंबसाहेब ताडकन म्हणाले.

"काखेत काय होतं?"

"पाइप."

"पाइपाला शेवटी आकडा असतो का हो?"

अंदाजाने मारलेला खडा होता, पण बरोबर लागला. बंबसाहेबांचा चेहरा त्यांच्या बंबासारखा लाल झाला. त्यांनी आधी वर पाहिलं, मग खाली, मग जिन्यात कुणी नाही याची खात्री केली.

"गळ होता," ते हळूच म्हणाले. "दर आठवड्याला एक दुपार मी मासे धरायला बसतो. बायकोला सांगू नका. कवायत म्हणूनच सांगितलंय तिला, गेली कित्येक वर्षं."

"काही मिळालं?"

"कसलं मिळतंय! पुलावरच्या हॉर्नने मासे फिरकतात कुठे."

फौजदारबाईंना हसू आवरेना. पण परत दालनाकडे जाताना त्यांचं हसू ओसरलं. एक संशयित कमी झाला होता आणि समितीची गाडी शहराच्या वाटेवर होती. वर सुनेने एवढ्यात दुसऱ्यांदा चेहरा धुतलेला त्यांनी पाहिला होता. ही पोर रडत नाही, चेहरा धुते, हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं.

"अगं, काल तू पूल शेवटचा कधी पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळी, शिपाई कापड टाकत होता तेव्हा."

"पाहिलास, की असणारच म्हणून धरून चाललीस?"

सूनबाई थबकल्या. "तालमीत पाहिला. जेवणाच्या सुट्टीआधी. सगळे दिवे पेटले होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लोकांसाठी दार उघडलं. त्यानंतर... त्यानंतर तो असणारच ना, आई?"

"आणि लोक आले त्यांची नोंद?"

"दिवसा कशाला करतो आम्ही नोंद? दिवसा आपलीच माणसं असतात. नोंद रात्री आत जाणाऱ्याची."

फौजदारबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी सुनेच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती दोन पावलं पुढे गेली.

"हे शहर बनवलं कुणी, त्याला बोलाव."

"पुठ्ठेमास्तरांना? ते अजून आलेले नाहीत. ते रोजच उशिरा येतात, आई. त्यावरून आम्ही किती चिडवतो त्यांना! फोन केला, उचलत नाहीत."

"राहतात कुठे?"

सूनबाईंनी आयुक्तांकडे पाहिलं. आयुक्तांनी शिपायाकडे. शिपायाने सुभेदाराकडे. चार महिने हा माणूस त्यांच्यात बसून पुठ्ठा कापत होता, चहा पीत होता, प्रत्येकाला त्याचं घर टेबलावर शोधून दाखवत होता. तो स्वतः कुठे राहतो, हे एकालाही माहीत नव्हतं.

४

"घराला कुलूप लावून पळालाच असेल तो," आयुक्त म्हणाले. "पोलिसांना—"

"साहेब," खिडकीशी बसलेल्या बाईंनी पुन्हा हात वर केला, "त्या मास्तरांबद्दलच मी—"

"बाई, सांगितलं ना, नंतर!"

"बरं," बाई म्हणाल्या, आणि हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघू लागल्या. आता कुणी पाया पडलं तरी त्या बोलणार नव्हत्या.

फौजदारबाईंनी एक खुर्ची ओढली, टेबलाशी ठेवली आणि ऐसपैस बसल्या. नोकरीत असतानाही त्या उकल बसूनच सांगत. उभ्याने फक्त बेड्या घालत.

"आधी कापड," त्या म्हणाल्या. "शहराच्या बाजूने इमारती, कडेला टेबलाची चौकट, आणि मध्ये नदीवर पूल. पूल असता, तर कापड त्याच्यावर टेकलं असतं. सुभेदार आल्या आल्याच ते लोंबत होतं. म्हणजे तो येण्याआधीच पूल गेला होता. रात्री चोरी झालीच नाही. सुभेदार, मिशी वर कर."

सुभेदाराने खरंच मिशीला हात लावला.

"मग दिवसाढवळ्या, एवढ्या लोकांसमोर? शक्यच नाही," आयुक्त म्हणाले.

"लोकांसमोरच. आता वायरी बघा. चोर असता, तर हिसकून तोडल्या असत्या. ह्याने टोकं झाकलीत, कुणाला झटका बसू नये आणि परत जोडताना त्रास होऊ नये म्हणून. म्हणजे त्याला पूल परत आणायचाय. आता सांगा, असा कोण आहे, जो भर गर्दीत टेबलावर वाकून पूल सोडवेल, खोक्यात घालेल, दारातून बाहेर पडेल, आणि कुणी 'काय करतोस' म्हणून विचारणारही नाही?"

शिपाई चाचरत पुढे झाला. "मीच दार धरलं होतं त्यांना," तो म्हणाला. "मास्तर रोजच खोकं घेऊन जातात ना संध्याकाळी, उरलेला पुठ्ठा असतो. मी म्हटलं, आज लवकर? ते म्हणाले, आज काम जास्त आहे."

"तुम्ही रात्रीची माणसं मोजत बसलात," फौजदारबाई म्हणाल्या. "दिवसाचा माणूस तुमच्या मोजणीतच नाही. समितीला तुम्ही जी चूक दाखवायला निघाला आहात, तीच."

"पण का नेला?" सूनबाईंनी विचारलं. "चार महिने आम्ही एकत्र काम केलं, आई. त्यांना ठाऊक होतं माझ्यासाठी हे काय आहे."

"म्हणूनच नेला. अगं, जरा नीट बघ. तुझा पूल जातो कुठे?"

सूनबाईंनी पाहिलं. नदी होती आणि नदीला लागून टेबलाची कड. पूल असता, तर त्या कडेवरून थेट जमिनीवर पडला असता.

"काल सगळं शहर इथे येऊन आपापलं घर शोधत होतं," फौजदारबाई म्हणाल्या. "पलीकडचेही आले असतील की. त्यांना काय सापडलं? रोज उशिरा येणारा माणूस रोज कुठे अडकत असेल? ज्याने सगळ्यांची घरं बनवली, त्याचं स्वतःचं घर या टेबलावर नाही. बाई, तुमच्या बाहीला तो हिरवा भुसा लागलाय, तो टेबलावरच्या झाडांचा आहे. आणि तुम्ही सकाळपासून खिडकीपासून हललेल्या नाही. रात्री झाडं लावत होतात ना?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. आयुक्त अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाई, बोला ना."

"आला का माझा विषय?" बाई म्हणाल्या. मग त्यांच्याच्याने राहवेना आणि त्या खळखळून हसल्या. "तीन बैठकांत मी सांगितलं की आमचा तीरही दाखवा. तुम्ही म्हणालात, टेबल संपलं तिथे शहर संपलं. मास्तर माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात. काल त्यांची नात इथे आली आणि भर दालनात विचारलं, 'आजोबा, आपलं घर कुठंय?' त्यांना उत्तर देता आलं नाही. मग आम्ही गावाने मिळून दुसरं टेबल बनवलं. पूल न्यावाच लागला, दोन्ही टोकं जुळायला हवीत ना! सकाळी लवकर आणून बसवायचा आणि सगळ्यांना चकित करायचं, असं ठरलं होतं. मी पुढे आले. ते ट्रकमध्ये टेबल घेऊन मागून निघाले."

"मग आहेत कुठे?"

"असणार कुठे? पुलावर."

तेवढ्यात खाली फाटकाशी हॉर्न वाजला. फाटकावरचा दुसरा शिपाई धावत वर आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"समिती आली!"

५

जिन्यावरून आधी आवाज आले. "सावकाश! डावीकडे! माझं बोट!" मग दारात एक भलं मोठं टेबल आडवं आलं. पुढच्या दोन कोपऱ्यांना पुठ्ठेमास्तर आणि ट्रकचा चालक होते. मागच्या एका कोपऱ्याला बंबसाहेब. आणि चौथ्या कोपऱ्याला, कोट काढून, बाह्या वर करून, घामाघूम झालेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ.

"कुठे ठेवायचं हे?" त्या गृहस्थांनी विचारलं.

आयुक्तांच्या पाचावर धारण बसली. ते गृहस्थ केंद्राच्या समितीचे प्रमुख होते.

"साहेब, तुम्ही कशाला—"

"सकाळपासून मी या टेबलाच्या मागेच आहे," समितीप्रमुख म्हणाले. "पुलावर गाडी हलेना. समोर ट्रक, ट्रकवर हे मास्तर दोन्ही हातांनी टेबल कवटाळून उभे. खाली उतरून गप्पा मारल्या. टेबलावरचं प्रत्येक घर दाखवलं त्यांनी मला. मध्ये एक रुग्णवाहिका अडकली होती, तिला वाट करून द्यायला आम्ही सगळेच खाली उतरलो. हे तुमच्याकडे रोजचं आहे?"

"रोजचं," सूनबाई म्हणाल्या.

पुठ्ठेमास्तर कानकोंडे होऊन उभे होते. "ताई, माफ करा. फोन वाजत होता, पण टेबल सोडलं असतं, तर गाव पडलं असतं."

"माफी नंतर," फौजदारबाई म्हणाल्या. "आधी वायरी जोडा."

दोन टेबलं एकमेकांना भिडली. पूल आपल्या भोकांत बसला आणि त्याचं दुसरं टोक पलीकडच्या गल्ल्यांना टेकलं. सूनबाईंनी भाषण पाठ केलं होतं. ते त्यांनी केलंच नाही. त्यांनी नुसती कळ दाबली.

पलीकडच्या तीरावर एक दिवा लागला. मग दुसरा, मग अख्खी गल्ली. दिवे घरांतून निघाले, पुलावर आले, दाटीवाटीने सरकत शहरात शिरले आणि बाजारात, कारखान्यांत, इस्पितळात पसरले. शहर उजळून निघालं आणि पलीकडचा तीर अंधारला.

"आणि संध्याकाळी?" समितीप्रमुखांनी विचारलं.

"घरी जातात," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला मोजता, तेव्हा हे सगळे घरी झोपलेले असतात."

समितीप्रमुख टेबलावर वाकले. मग त्यांनी विचारलं, "ती बस पेटली होती, ती नक्की कुठे?" सूनबाईंनी बोट ठेवलं. त्या जागेपासून शहराकडच्या बंबांपर्यंतचं अंतर समितीप्रमुखांनी डोळ्यांनी मोजलं. पलीकडे मोजायला काही नव्हतं. त्या दिवशी ते जेवणही न घेता संध्याकाळपर्यंत थांबले आणि परतताना पुन्हा पुलावर अडकले. त्यांच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं की ते अजिबात चिडले नाहीत.

सगळे पांगल्यावर पुठ्ठेमास्तर हळूच फौजदारबाईंपाशी आले. "शिक्षा काय मला?"

"तुमचं घर कुठंय टेबलावर?"

मास्तरांनी खिशातून बोटाच्या पेराएवढं एक घर काढलं. निळं दार होतं त्याला. "घाईत राहूनच गेलं चिकटवायचं."

"मग चिकटवा. आणि नातीला उद्या घेऊन या. ही शिक्षा."

मास्तरांनी घर जागेवर टेकवलं आणि डिंक वाळेपर्यंत बोट उचललं नाही. सूनबाई तेव्हा तिसऱ्यांदा चेहरा धुऊन आल्या होत्या. या वेळी सासूबाईही त्यांच्या मागून जाऊन आपला चेहरा धुऊन आल्या.

निधी वाढवून मिळाला. दोन्ही तीरांना धरून मिळाला, आणि केंद्राच्या मोजणीत दिवसाच्या माणसांचा रकानाही आला. मंजुरीनंतरच्या पहिल्या बैठकीला सूनबाईंच्या आग्रहाने फौजदारबाईंनाही खुर्ची मिळाली. आयुक्त घसा खाकरून उठले.

"आजपासून," ते म्हणाले, "पलीकडचा विषय आधी घेऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कौतुकाने पलीकडच्या बाईंच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

सूनबाईंचा फोन वाजला. पलीकडून हॉर्नचा कल्लोळ ऐकू येत होता आणि त्यातून बाई ओरडत होत्या, "पुलावर अडकलेय! तुम्ही चालू करा, माझं नंतर घ्या!"

आयुक्त खाली बसले. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं.

"चहा सांगा," ते म्हणाले. "बाई येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही."